आग्रा रोडवरचा परतीचा दिवस

धुळे सोडून आग्रा रोडने शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर रस्त्यालगत एक बुटका डोंगर लागतो. त्यावर सोनगीरचा किल्ला. तट ढासळलेले, वर एक खोल विहीर, बाकी दगड आणि काटेरी झुडपं. गिर्यारोहकांनी खास वाट वाकडी करून यावं असं इथे फारसं काही उरलेलं नाही. पण या किल्ल्याने मालक मात्र भरपूर पाहिले. मोगल गेले, निजाम आला, निजामाकडून पेशव्यांकडे, पेशव्यांकडून विंचूरकरांकडे, आणि १८१८ साली इंग्रजांकडे. एवढ्याशा डोंगरासाठी इतक्या जणांनी जीव का टाकला, हे किल्ल्यात शोधून सापडत नाही. ते खाली बघितल्यावर कळतं. खाली रस्ता आहे.

हा रस्ता दख्खनचा उत्तरेकडे जाणारा दरवाजा. सोनगीर, नरडाणा, शिरपूर, मग सेंधव्याचा घाट चढून सातपुडा ओलांडायचा, नर्मदा उतरायची की माळवा. दुसरी वाट पूर्व-पश्चिम जाणारी, सुरतेहून बुऱ्हाणपूरला. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० साली त्या वाटेने गेला. त्याच्या मुक्कामांच्या यादीत नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, यावल, रावेर ही गावं ओळखू येतील अशा स्पेलिंगात सापडतात. पाच वर्षांनी इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो हाही सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला तो खानदेशातूनच. या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा दक्षिणेला सोनगीर आहे.

१८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये सोनगीरच्या व्यापाराची नोंद आहे: तांब्या-पितळेची भांडी, घोंगड्या आणि जाडंभरडं सुती कापड. ही यादी नीट पाहिली तर तो वाटसरूचाच संसार आहे. अंगावर कापड, अंथरायला घोंगडी, पाणी प्यायला तांब्या. गावाने रस्त्याकडे बघून धंदा मांडला होता. घोंगड्या आणि कापड काळाच्या ओघात मागे पडलं. तांबटांची ठोक मात्र सोनगीरची ओळख होऊन राहिली. आजही खानदेशात लग्नाचा हंडा-कळशी घ्यायची म्हटलं की सोनगीरचं नाव निघतं.

या रस्त्याने परमुलखात गेलेल्या माणसांबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. सैन्य कधी निघालं, मुहूर्त कोणता होता, बरोबर किती माणसं होती, हे बखरी आणि पत्रं आनंदाने सांगतात. परत येण्याबद्दल त्यांची वाचा बसते. एका घोळक्याने परक्या मुलखात गेल्यावर शेवटच्या दिवशी काय करायचं, प्रवास संपला हे कुणी ठरवायचं आणि कुठे, याला मराठी समाजात फार जुने आणि बरेच काटेकोर रिवाज होते. आजच्या युरोप टूरच्या शेवटच्या रात्री बँक्वेट हॉलमध्ये जे चालतं, त्याची मुळं त्या रिवाजांत आहेत.

अठराव्या शतकात नर्मदेपलीकडचा मुलूख हा परदेशच होता. पासपोर्ट नव्हता, पण दस्तकं होती, राहदारी होती, चौक्या होत्या, भाषा वेगळी, नाणं वेगळं. काशी अवधच्या नवाबाच्या अमलाखाली, गया बंगालच्या सुभ्यात. प्रयागला स्नान करायचं तर कर भरावा लागे. पुढे कंपनी सरकारनेही तो वसूल केला आणि १८४० साली कायदा करून बंद केला. वाटेत सातपुड्यात भिल्लांची भीती आणि माळव्यात ठगांची. एकटादुकटा माणूस काशीला निघतच नसे. संघ जमायचा. त्यात वाट ठाऊक असलेला एक म्होरक्या, स्वयंपाकाला ब्राह्मण, हिशेबाला एखादा कारकुनी हाताचा माणूस, पैसा असेल तर हत्यारबंद शिपाई. टूर मॅनेजर, शेफ आणि कोऑर्डिनेटर ही तिकडी आपल्याकडे नावं बदलून फार आधीपासून आहे.

या प्रकारातली सगळ्यांत गाजलेली यात्रा बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाईंची. फेब्रुवारी १७३५ मध्ये त्या पुण्याहून निघाल्या, बुऱ्हाणपूरवरून राजपुतान्यात गेल्या, उदयपूर-जयपूरच्या राजांचा पाहुणचार घेत मथुरा, प्रयाग, काशी, गया करून १७३६ च्या उन्हाळ्यात पुण्याला परतल्या. म्हणजे सव्वा वर्षाची सहल. वयोवृद्ध बाईंच्या या यात्रेला राजकारणाचंही अंग होतं. ज्यांच्या मुलखात मुलगा स्वाऱ्या करत होता, तेच आईसाठी बंदोबस्त देत होते. मोगल सरदार महंमदखान बंगशानेसुद्धा त्यांना आपल्या हद्दीतून सुखरूप पोचवलं. पेशव्यांच्या आईचं असं झालं. सामान्य यात्रेकरूंना बंदोबस्त आपला आपण बघावा लागे. पुढे इंदूर-महेश्वरच्या अहिल्याबाई होळकरांनी वाटेवरच्या धर्मशाळा, घाट, विहिरींवर खर्च केला आणि १७८० च्या सुमारास काशी विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केलं, तेव्हा दख्खनी माणसाची उत्तरेची यात्रा जरा सुसह्य झाली.

आता शेवटचा दिवस. प्रयाग, काशी, गया या त्रिस्थळीची यात्रा गयेत संपे. पिंडदानाचे विधी आटोपले की अक्षयवटाखाली गयावळ पंडा यात्रेकरूला ‘सुफल’ देई, म्हणजे तुझी यात्रा सफळ झाली असं तोंडाने सांगे. ते ऐकल्याशिवाय निघायचं नसे. आणि ते शब्द उच्चारण्यापूर्वी पंडा दक्षिणेची बोली करी. महिनोन्‌महिने चालून आलेला माणूस, पितरांचा प्रश्न, आणि समोरचा तोंड उघडत नाही. घासाघीस कुणाच्या बाजूने सुटायची हे वेगळं सांगायला नको. यात्रेकरू निघताना पंड्याच्या वहीत गाव, घराणं, बरोबर कोण कोण आलं हे लिहून घेतलं जाई, म्हणजे पुढच्या पिढीचं गिऱ्हाईक पक्कं. शेवटच्या दिवशी बसमध्ये फिरणारं टिपचं पाकीट आणि त्यामागोमाग येणारा अभिप्रायाचा फॉर्म, यांना इतकी जुनी परंपरा आहे हे टूर कंपन्यांनाही बहुधा माहीत नसेल.

खरेदीही ठरलेली असे. काळभैरवाचे काळे गंडे, विश्वेश्वराचा अंगारा, लहानसहान पितळी मूर्ती आणि तोंड डाख देऊन बंद केलेले गंगाजलाचे तांब्याचे गडू. गंड्याची युक्ती अशी की तो स्वस्त, हलका आणि मोजून घेता येणारा. गावात चाळीस घरं असतील तर चाळीस गंडे. स्वित्झर्लंडच्या विमानतळावर चॉकलेटच्या पुड्या मोजणारी मराठी बाई करते तो हिशेब हाच आहे.

पण हा सगळा तिकडचा शेवट झाला. खरा शेवट अजून तीन महिने लांब होता.

संघ परत येई तो थेट घरात शिरत नसे. वेशीबाहेरच्या देवळात मुक्काम पडे. निरोप आत जाई. मग वाजंत्री घेऊन गाव सामोरं येई, पायांवर पाणी घातलं जाई, गंगेहून आलेल्यांच्या पाया पडायला थोरही वाकत. त्यानंतर मुहूर्त पाहून मावंदं. कुठे त्याला गंगापूजन म्हणतात. बंद गडू पूजेत मांडायचा, सोयऱ्याधायऱ्यांना, गावाला जेवू घालायचं आणि तीर्थ वाटायचं. मावंदं झाल्याखेरीज यात्रा पुरी झाली असं धरत नसत. खर्चाच्या मानाने हे प्रकरण लहान नव्हतं. जाण्यायेण्याला लागले त्याहून जास्त मावंद्याला गेले अशी कुरकुर करणारी मंडळी असायची, आणि कर्ज काढून मावंदं करणारीही. तांबटाचा धंदा इथे जागा होई. गावजेवणाची तपेली, पराती, पाण्याचे हंडे लागत. कुणी यात्रा निर्विघ्न झाली म्हणून देवळाला समई किंवा घंटा देई. त्यावर टोच्याने ठिपक्याठिपक्यांत देणाऱ्याचं नाव, गाव, शक घालून घ्यायची पद्धत होती. कागद वाळवीने खाल्ले तरी ही नावं वाचता येतात, इतिहासाचं काम करणाऱ्यांनी अशा भांड्यांकडे वळून पाहायला हवं.

मावंद्याला एक सामाजिक अर्थ होता. वर्षभर बाहेर राहिलेला माणूस कुठे जेवला, कुणाच्या हातचं पाणी प्यायला, कुठे झोपला हे गावाला ठाऊक नसे. एका पंगतीत बसवून गाव त्याला परत आपल्यात घेई. प्रवास संपल्याचा शिक्का असा गावाच्या हाती होता.

गोडसे भटजींची गोष्ट इथे आठवते. कुलाब्याकडच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, घरचं कर्ज फिटेल, एवढाच बेत. गाठ पडली बंडाशी. झाशीचा वेढा आणि लूट त्यांनी शहरात राहून पाहिली. मिळवलेलं वाटेत पुन:पुन्हा लुटलं गेलं. घरी पोचले तेव्हा पैसा असा उरलाच नव्हता. गंगेची कावड मात्र त्यांनी आणली होती, आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातल्यावरच त्यांच्या लेखी प्रवास संपला. ‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापून आणलं. बंडाची हकिगत म्हणून ते वाचलं जातं, पण शेवट पाहिला तर ती एका यात्रेकरूची वही आहे.

नर्मदेपलीकडे गेलेल्याला पंगतीत घेणं सोपं होतं. समुद्रापलीकडे गेलेल्याचं काय? हा प्रश्न मराठी राज्यासमोर पहिल्यांदा आला तो पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांमुळे. १७७४ च्या अखेरीस पुण्याच्या कारभारी बारभाईंनी पिच्छा पुरवला तेव्हा राघोबा खानदेशातून गुजरातेत निसटले. वाटेत तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यात त्यांनी शिबंदी ठेवली. पुढे मार्च १७७५ मध्ये इंग्रजांशी सुरतेचा तह झाला. तरीही पदरी काही पडेना, तेव्हा त्यांनी थेट लंडनला वकील पाठवले. १७८१ साली इंग्लंडात पोचलेल्या या मंडळींत हनुमंतराव नावाचे ब्राह्मण होते, बरोबर माणियार नावाचे पारशी गृहस्थ आणि त्यांचा मुलगा. ब्राह्मणाला सोवळ्यात स्वयंपाक करायला जागा मिळेना. शेवटी पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांनी त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर स्वयंपाकाला मोकळं करून दिलं. लंडनला गेलेल्या पहिल्यावहिल्या मराठी शिष्टमंडळाची मुख्य अडचण राजकीय नव्हती, जेवणाची होती. पुढच्या अडीचशे वर्षांत परदेशी जाणाऱ्या मराठी माणसाची अडचण फारशी बदललेली दिसत नाही.

मोहीम फसली. मंडळी परत आली आणि तिथे खरी गंमत झाली. फ्रान्सिस विल्फर्ड या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही हकिगत लिहून ठेवली आहे. तो दोन ब्राह्मण वकील गेल्याचं सांगतो; इंग्लंडच्या कागदांत ब्राह्मण एकच दिसतो. विल्फर्ड म्हणतो, वकिलांना जातीबाहेर टाकलं. म्लेंच्छांच्या मुलखात राहून आचार पाळला असणं शक्यच नाही, हा एक आक्षेप. दुसरा आक्षेप असा की ते इराणमार्गे परतले, म्हणजे त्यांनी सिंधूवरची अटक ओलांडली. ज्या राघोबांच्या १७५८ च्या पंजाब मोहिमेवरून ‘अटकेपार झेंडे’ हा मराठी अभिमानाचा शब्द झाला, त्यांच्याच वकिलांना अटक ओलांडल्याबद्दल वाळीत टाकलं जावं! सैन्याने ओलांडली तर पराक्रम, वकिलाने ओलांडली तर पाप. ठिकठिकाणचे शास्त्री जमले, खल झाला. राघोबांचं वजनही कामी येईना. शेवटी देशाच्या कामासाठी गेले होते म्हणून सवलत मिळाली आणि पुनर्जन्माचा विधी ठरला. शुद्ध सोन्याची स्त्रीची किंवा गाईची मूर्ती घडवून तिच्यातून माणसाला बाहेर काढायचं. मूर्तीचा खर्च झेपणारा नसेल तर नुसती सोन्याची योनी. राघोबांनी तशी सोन्याची योनी करवली, वकील तिच्यातून पार झाले, पुन्हा मुंजीचे संस्कार झाले, ब्राह्मणांना भरपूर दाने मिळाली आणि मग पंगत. परदेश दौऱ्याचा इतका महागडा शेवटचा दिवस मराठी इतिहासात दुसरा झाला नसावा.

एकोणिसाव्या शतकात विलायतेला जाणारे वाढले तसा हा विधी आटोपशीर होत गेला. पंचगव्य, होम, थोडी दक्षिणा. विसाव्या शतकात तोही गेला. पण मूळ कल्पना तीच होती: बोट बंदराला लागली म्हणजे प्रवास संपला असं नाही.

मुसलमान घरांतही ही कल्पना होती. मोगल काळात सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत. बुऱ्हाणपूर, थाळनेर, नंदुरबार या वाटेने व्यापारी जात तसे हाजीही जात. पुढे बंदर मुंबई झालं. हाजींच्या जहाजांवर इतकी दाटी आणि हाल होते की १८८६ साली हिंदुस्थान सरकारने टॉमस कुकच्या कंपनीला हजयात्रेचे एजंट नेमलं. विलायती साहेबांना पिरॅमिड दाखवणारी कंपनी काही वर्षं हाजींची तिकिटं काढत होती. मुंबई-जेद्दा जहाजं १९९५ पर्यंत चालली. हाजी परत यायचा तेव्हा त्याला घ्यायला सगळं गोत स्टेशनवर लोटायचं, घरी जमजमचं पाणी आणि मदिनेचे खजूर वाटले जायचे. एका घरी गंगा, शेजारच्या घरी जमजम. वाटण्याची रीत एकच.

याच टॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसं एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेली होती. आधुनिक ग्रुप टूरचा जन्म त्या दिवसाचा मानतात. १८७२-७३ मध्ये त्याने २२२ दिवसांची जगप्रदक्षिणा घडवली, त्यात हिंदुस्थानही होता. १८८१ साली त्याच्या कंपनीचं मुंबईत ऑफिस झालं. कुकने शेवटच्या दिवसाचा अर्थच बदलला. तिकिटावर तारीख छापलेली असते. ती तारीख आली की सहल संपते. सुफल देणारा पंडा नको आणि वेशीवर येणारं गावही नको.

खानदेशात हा बदल रेल्वेने आणला. १८६० च्या दशकात चाळीसगाव, जळगाव, भुसावळ रुळावर आलं. १८७० साली मुंबई-अलाहाबाद जोडलं गेलं आणि महिन्यांची काशीयात्रा दिवसांवर आली. आग्रा रोडवरचे संघ आटले. धुळ्याला रेल्वे पोचायला १९०० उजाडलं. सुरतेहून येणारी तापी खोऱ्याची लाईनही त्याच सुमाराची. ती नरडाण्यावरून गेली, सोनगीरवरून नाही.

रेल्वेने ठगांचं भय घालवलं, तरी संघ का मोडला नाही? कारण भय बदललं. परक्या मुलखात आपलं जेवण कोण देणार, आपली भाषा कोण बोलणार? यात्रा कंपन्या त्या भयावर उभ्या राहिल्या. नाशिकची चौधरी यात्रा कंपनी घराघरात माहीत झाली ती बरोबर आपला स्वयंपाक नेते म्हणून. केसरी पाटलांनी १९८४ साली केसरी टूर्स सुरू केली. २०१३ मध्ये त्यांच्या कन्या वीणा पाटील यांची वीणा वर्ल्ड आली. तोवर चारधाम-काशी करणारा मराठी मध्यमवर्ग युरोपकडे वळला होता.

तोही सहज वळला नाही. परकीय चलन इतकं मोजून मिळे की खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेला गेल्याच्या गोष्टी एका पिढीने पुढच्या पिढीला ऐकवल्या. १९९१ नंतर गाठ सैल झाली. २००४ साली रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली. २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे. आता निवृत्त मास्तर आणि कापसाचा व्यापारी एकाच बसमध्ये बसून आल्प्स बघू शकतात. पण चालतं सगळं कुकच्या वेळापत्रकावर. गावाने सामोरं येण्याची सोय त्यात नाही. मग तो सगळा समारंभ घोळक्याने तिकडेच आटोपून घेतला.

मराठी टूरची शेवटची रात्र पाहा. जेवणात पुरी-श्रीखंड. नऊवारी किंवा पैठणी आठवणीने बॅगेच्या तळाशी ठेवलेली असते, ती बाहेर येते. बसमध्ये सगळ्यांत आधी येणाऱ्या जोडप्याला बक्षीस, सगळ्यांत उशिरा येणाऱ्यालाही. एखादे काका नाट्यगीत म्हणतात. टूर मॅनेजरला भेट, शेफला टाळ्या. कुणीतरी रडतं. काही कंपन्यांत याला गाला इव्हिनिंग म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवीस किलोंत बॅग बसवण्याची झटापट, उरलेले खाकरे आणि चिवडा कुणाच्या गळ्यात मारायचा याचा विचार आणि विमानतळावर चॉकलेटं. मुंबईला उतरल्यावर पट्ट्यावरून सामान उचललं की दहा दिवस एका ताटात जेवल्यासारखी वागलेली माणसं ओझरता नमस्कार करून आपापल्या टॅक्सीत बसतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो महिनाभर येतात. मग दिवाळीच्या शुभेच्छा तेवढ्या.

मावंद्याची पंगत अशी परमुलखात सरकली. फरक एवढाच पडला, आणि तो लहान नाही, की आता प्रवासी एकमेकांना जेवू घालतात. जे गेलेच नाहीत त्यांचा या पंगतीत वाटा नाही. यात्रेला एक जाई आणि तीर्थ गावभर पोचे. हल्ली गावाच्या वाट्याला फोटो येतात.

प्रवास तारखेला संपत नाही याची आठवण अलीकडे एकदा फार कठोरपणे झाली. दुबईची सहल करून चाळीस जणांचा एक गट १ मार्च २०२० रोजी परतला. माणसं आपापल्या जिल्ह्यांत पांगली. ९ मार्चला त्यांतल्या पुण्याच्या एका जोडप्याला कोरोना झाल्याचं निष्पन्न झालं. महाराष्ट्रातले हे पहिले रुग्ण. त्यांना मुंबईहून पुण्याला आणणाऱ्या टॅक्सीचालकालाही लागण झाली. सरकारी यंत्रणा मग सहप्रवाशांची यादी हातात घेऊन गावोगाव फिरली. कोण कुणाशेजारी बसलं, कुठे जेवलं, कुणाला भेटलं, हे जुन्या वेशीवरचे प्रश्न आरोग्य खातं विचारत होतं. पुढचे कित्येक महिने बाहेरून आलेला माणूस शाळेत किंवा देवळात चौदा दिवस थांबूनच घरी जाई. शास्त्रार्थ निराळा होता, पण वेस परत आली होती.

गावाशी नातं राखलेला परदेश दौऱ्याचा एक प्रकार मात्र महाराष्ट्रात आहे. राज्याचं कृषी खातं शेतकऱ्यांचे गट इस्रायल, नेदरलँड्ससारख्या देशांत अभ्यासाला पाठवत आलं आहे. निम्मा खर्च किंवा एक लाख रुपये, जे कमी असेल ते अनुदान, असा अनेक वर्षांचा नियम होता. यातून सगळेच काही शिकून येतात असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल; सहलीचा मोह सरकारी खर्चाने काही कमी होत नाही. पण परत आल्यावर पाहिलेलं दुसऱ्यांना सांगायचं, शिवारात करून दाखवायचं, ही अपेक्षा या दौऱ्यामागे असते. केळी आणि कापसाला ठिबक लावणाऱ्या खानदेशात तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. परदेशात घेतलेल्या टिपणांची वही गावाच्या पारावर उघडली गेली तर ते मावंदंच झालं.

सोनगीरवरून आता चौपदरी महामार्ग जातो. नव्या क्रमांकाप्रमाणे तो राष्ट्रीय महामार्ग ५२. लोक आग्रा रोडच म्हणतात. दोंडाईचाकडे जाणारा फाटा इथेच फुटतो. स्टीलने आणि पुढे प्लास्टिकने तांबटांचं बरंचसं गिऱ्हाईक नेलं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आरोग्याला चांगलं या समजुतीने थोडं परत आणलं. जुनी भांडी मोडीत घालून नवी घ्यायची पद्धत आहे, आणि इथे एक नुकसान रोज होतं. मोडीत येणाऱ्या गडवांवर, पराती-घंगाळांवर घातलेली नावं, गावं आणि शक भट्टीत जातात. काशी करून आलेल्या पणजोबांची तारीख घरात दुसरीकडे कुठेच लिहिलेली नसते.

म्हणून खानदेशातल्या वाचकांना एक विनंती. भांडं मोडीत घालण्याआधी त्यावरचा मजकूर वाचा आणि उतरवून ठेवा, फोटो काढा. यात्रेच्या खर्चाची वही, पंड्याची चिठ्ठी, हजच्या जहाजाचं तिकीट, एवढंच काय, आजीच्या पहिल्या युरोप टूरचं कार्यक्रमपत्रक सापडलं तरी रद्दीत देऊ नका. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. गावोगाव फिरून त्यांनी जमवलेली दप्तरं सांभाळण्यासाठी पुढच्याच वर्षी धुळ्यात संशोधन मंडळ निघालं आणि ते अजून आहे. सोनगीरहून तिथे जायला अर्धा तास पुरतो.